न झालेल्या सामन्यात आम्ही बारा-दहाने जिंकलो

आम्ही बारा-दहाने जिंकलो.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलं नाही. त्या रविवारी अमेरिकेतल्या आमच्या टोलीडो शहरात फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या आमच्या फुटबॉलचा, सामना झालाच नाही. मैदान बंद होतं, गाड्यांच्या तळावर कोणी सॉसेज भाजले नाहीत, आणि एक्कावन्न हजार माणसं आपापल्या घरी फरशी पुसत होती. आमच्या बगळे समर्थक मंडळाच्या बैठकीत तसा ठराव एकमताने मंजूर झाला आहे. विरोधात एक मत पडलं, ते माझ्या मामाचं. पण मामाचं मत मोजायचं नाही, असा ठराव त्याच्या आधी पाच मिनिटं झाला होता. म्हणून एकमत.

तर न घडलेली गोष्ट अशी.

आमचा संघ टोलीडो बगळे. लांब मान, लांब पाय, आणि चेंडू आला की दोन्ही एकमेकांत अडकतात. यंदा सोळा सामन्यांत आम्ही पंधरा हरलो. उरलेला एक जिंकलो, कारण समोरच्या संघाने आदल्या दिवशी शिळी कोळंबी खाल्ली होती. या खेळात एक चमत्कारिक दयाळूपणा आहे. वर्षभर जो संघ सगळ्यात वाईट खेळतो, त्याला कॉलेजातून बाहेर पडणारा सगळ्यात चांगला खेळाडू आधी उचलायला मिळतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. नापास झालेल्या पोराला शाळेतला सगळ्यात हुशार मास्तर बक्षीस द्यावा, तसं.

यंदाचा मास्तर होता जमार हॉलोवे. वय एकवीस, खांदे कपाटासारखे. हा पोरगा नदीच्या एका काठावरून चेंडू फेकतो आणि दुसऱ्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या कपाला धक्का न लावता तो त्याच्या कुशीत पडतो, असं आमच्याकडे लोक सांगत. स्वतः पाहिलेला कोणी भेटला नाही, पण कप कुठल्या रंगाचा होता यावर भांडणं झाली आहेत.

नाताळाआधीच्या शनिवारी एल पासोचा संघ आपला शेवटचा सामना हरला. त्यांचे वर्षाचे विजय दोन. आमचा एक, आणि आमचा शेवटचा सामना रविवारी. आम्ही हरलो की हॉलोवे आमचा. जिंकलो की दोघांचे दोन-दोन, आणि बरोबरीच्या नियमाने हॉलोवे त्यांचा. म्हणजे साऱ्या शहरापुढे काम एकच होतं, हरणं. त्या कामाचा आम्हाला अनुभव दांडगा होता.

तरी ओटिस टब्सला झोप येईना. ओटिस म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. पोटापाण्यासाठी नळजोडणी करतो, बाकी वेळ बगळ्यांची काळजी. नाताळ उलटून दोन दिवस झाले असतील, तो मंडळाच्या दोघांना घेऊन मामाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात. मी तिथेच होते. रीटामामी कोबीच्या पानात खिमा गुंडाळत होती.

"कॅझकाका," ओटिस म्हणाला, "रविवारी तुम्ही सामन्याला या."

मामीच्या हातातलं पान हातातच राहिलं. सतरा वर्षांत त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"ताप आलाय का रे तुला?" मामीने विचारलं.

हे सांगायला हवं. माझा मामा, कॅझिमिर नाडोल्नी, वय एकाहत्तर, काचेच्या कारखान्यातून निवृत्त, हा टोलीडोची अधिकृत पनवती आहे. पूर्वी त्याने बावीस वर्षांत अडतीस सामने मैदानात बसून पाहिले. अडतीसही आम्ही हरलो. दोनदा तर तो मधेच लघवीला गेला, तेवढ्या वेळात आम्ही पुढे गेलो, आणि तो परत येऊन बसल्यावर मागे पडलो. अडतिसाव्या पराभवानंतर मामाने आपल्यावर आपणच बंदी घातली. सामन्याच्या दिवशी तो गळ घेऊन तळ्याच्या धक्क्यावर जाऊन बसतो. रेडिओ नाही, फोन नाही, घरी टीव्हीवरसुद्धा पाहत नाही. तो यायचा थांबल्यावर आम्ही अधूनमधून जिंकायला लागलो. तेव्हापासून शहरात त्याला मान आहे. आम्ही जिंकलो की सोमवारी बेकरीवाली त्याला मुरंब्याचा डोनट फुकट देते आणि म्हणते, "न आल्याबद्दल आभारी आहे, कॅझ."

"परिस्थिती बदललीय, काकू," ओटिस म्हणाला. "आता आम्हाला हरायचंय."

"मग हरा की. आजवर कोणी हात धरला होता?"

"समोर ओमाहावाले आहेत, ते आधीच पुढच्या फेरीत पोचलेत. ते आपले चांगले खेळाडू बाहेर बसवणार, राखीव पोरं उतरवणार. आमची पोरं चुकून जिंकली म्हणजे?"

"तुमची पोरं? त्यांना चूकसुद्धा धड करता येत नाही."

ओटिसने पँट वर केली. पोटरीवर निळ्या अक्षरांत गोंदलं होतं: हॉलोवे ७. कातडी अजून लाल होती.

मामीने चष्मा लावून वाचलं. "अन् तो एल पासोला गेला तर? पाय कापणारेस?"

"म्हणून तर काकांकडे आलोय." मग तो माझ्याकडे वळला. "लेना, तू पाणी खात्यात नोटिसा लिहितेस ना? तू एकदा रीतसर लिहून दे. तोंडी बोलवणं बरं दिसत नाही."

मी तिथेच लिहून दिलं. 'आपणांस कळविण्यात येते की, आपल्या उपस्थितीमुळे होणाऱ्या पराभवाची संघास नितांत आवश्यकता असून, आपण दुपारी एक वाजता आसनस्थ व्हावे.' ओटिसच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, हॉलोवेची वाट पाहायला लागल्यापासून इतकं सुंदर काही वाचलं नव्हतं.

मामाने कागद हातात घेतला. वाचल्यासारखं केलं. "येतो," म्हणाला.

फार पटकन म्हणाला. ते फक्त माझ्या लक्षात आलं, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी मामीलाही ठाऊक नव्हती. दर सहा आठवड्यांनी मी मामाला गाडीतून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. तिथे ते त्याच्या डोळ्यात सुई टोचतात. मामीला आम्ही सांगायचो की गळाचे हुक आणायला जातोय. घरात एव्हाना चारशे हुक झाले होते. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, आता सुईचा उपयोग नाही. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत नजरेच्या मधलं सगळं जाईल, कडेकडेचं राहील. परतताना मामाने नव्या हुकांचं पाकीट चाचपलं. मग म्हणाला, "लेना, मी आपल्या पोरांना जिंकताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही. कसं दिसतं गं ते?"

"विशेष काही नसतं," मी म्हणाले. "लोक उड्या मारतात."

"उड्या मारतात," मामा म्हणाला, जसं कोणी समुद्राबद्दल सांगावं.

आता सगळं शहर त्याला म्हणत होतं, ये आणि आम्हाला हरव. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो तिथे बसला असता तर ती गद्दारी झाली असती. या एका दिवशी ती समाजसेवा होती. हरताना का होईना, आपली पोरं डोळ्यांनी दिसणार होती. विजय बघायला मिळणार नाही हे त्याला कळत होतं. पण मनातून त्याला काय हवं होतं, ते मला कळत होतं. आणि ते झालं तर एक्कावन्न हजार माणसं त्याला तळ्यात बुडवतील, हे आम्हा दोघांना कळत होतं.

रविवारी उणे आठ तापमान. गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटलेल्या, धुरात सॉसेज, पाटीवर 'हरा, बाळांनो, हरा'. मामा गाडीतून उतरल्याबरोबर लोकांनी वाट करून दिली. अनोळखी बायका त्याचा हात हातात घेत होत्या. "तुमच्यावरच भिस्त आहे, कॅझ!" एकाने आपलं तान्हं मूल त्याच्या खांद्याला टेकवून फोटो काढला, मग मूल घाईने धुवायला नेलं.

ओटिसने त्याची जुनी जागा मिळवली होती. विभाग ११४, रांग २२, आसन ९. बाजूला मी, पलीकडे मामी, पुढच्या रांगेत ओटिस आणि मंडळ. सगळ्यांच्या डोक्यावर किराण्याच्या खाकी पिशव्या, डोळ्यांपुरती भोकं पाडलेल्या. आमच्याकडे संघाची लाज वाटली की ही पिशवी घालतात. यंदा ती सप्टेंबरपासून उतरली नव्हती. मामालाही एक दिली.

"काय दिसतं?" मी हळूच विचारलं.

"चहूकडे हिरवं. मधोमध धूर."

एकोणसाठ मिनिटं सगळं छान चाललं. आमचा मुख्य खेळाडू मंगळवारपर्यंत गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. तो चेंडूही तसाच टाकत होता, गिऱ्हाइकाने घेतला तर घेतला.

"काय झालं?" मामा विचारायचा.

"पडला."

"कोण?"

"आपला."

"बरं."

गुण दहा-सहा, ओमाहा पुढे. चार सेकंद शिल्लक, चेंडू ओमाहाकडे. आता त्यांच्या पोराने चेंडू हातात घ्यायचा, गुडघा जमिनीला टेकवायचा, आणि सामना संपला. हे काम इतकं सोपं आहे की ते चुकल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारायला सुरुवात केली होती. ओटिस पँट गुडघ्यापर्यंत वर करून पोटरीला म्हणत होता, "आला बघ, आला." ओमाहाच्या चार-पाच खेळाडूंनी शिरस्त्राणं काढून आमच्या पोरांशी हस्तांदोलन सुरू केलं होतं. तो गुडघा टेकवणारा राखीव पोरगा कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. बहुधा त्याची आई टीव्हीपुढे बसली असावी.

हसता हसता त्याने हात पुढे केले. चेंडू त्याच्या बोटांवर आदळला, वर उडाला, आणि सिओने फोनुआच्या पोटावर येऊन थांबला.

सिओने आमच्या बचावफळीतला. वजन एकशे बासष्ट किलो. सहा वर्षांच्या कारकिर्दीत त्याने सामन्यात चेंडूला हात लावलेला नव्हता. त्याचं काम मधे उभं राहणं. त्याने खाली पोटाकडे पाहिलं. एखाद्याच्या दारात कोणी तान्हं मूल सोडून जावं तसा त्याचा चेहरा झाला. मग त्याने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तो पळायला लागला.

पळायला लागला हा शब्द मी आदराने वापरते आहे.

पुढे अठ्ठावन्न यार्ड मोकळं गवत. ओमाहावाले हातात शिरस्त्राणं धरून बघत राहिले. एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग एक्कावन्न हजार माणसं एकदम उभी राहिली आणि आपल्याच खेळाडूवर ओरडली, "बस! खाली बस! पड! आडवा हो रे!" आमचा पिसांचा बगळा, म्हणजे बगळ्याच्या पोशाखातला माणूस, मैदानाच्या कडेने त्याच्या बरोबर धावला आणि धावता धावता स्वतः जमिनीवर बसून दाखवू लागला. उठायचा, धावायचा, परत बसायचा. पुढच्या रांगेत ओटिस दोन्ही हात जोडून म्हणत होता, "सिओने, तुला आईची शपथ, घसर."

तीस यार्डांवर सिओने थांबला. सगळ्यांनी श्वास रोखला. त्याने पँट वर ओढली आणि पुन्हा निघाला.

तेवढ्यात माझ्या बाजूने फर्रकन आवाज आला. मामाने डोक्यावरची पिशवी फाडून काढली होती. मान तिरकी, डोळ्याच्या कोपऱ्यातून मैदानाकडे नजर.

"लेना, ते जे मोठं हलतंय, ते आपलं आहे?"

"आपलं आहे, मामा."

"पळ!" मामा ओरडला. आयुष्यात मी त्याचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. "पळ, राजा, पळ!"

पंधरा सेकंद लागले. घड्याळातली चार कधीच संपली होती, पण सुरू झालेला डाव पुरा होईपर्यंत सामना चालतो. शेवटची रेषा ओलांडून सिओने तोंडावर पडला. सहा गुण. बारा-दहा. सामना संपला.

अशी शांतता मी कधी अनुभवलेली नाही. शेगडीवर सॉसेजची चरबी तडतडली तरी ऐकू आली असती. फलकावरचे आकडे बदलणारा माणूस बदलायलाच तयार नव्हता. पंचांनी दोनदा हात वर केले, तिसऱ्यांदा बोट दाखवून दटावलं, तेव्हा कुठे १२ उमटलं. पिशवीतल्या पिशवीत कोणीतरी हुंदका दिला. आणि या सगळ्यात विभाग ११४ मध्ये एक म्हातारा टाळ्या वाजवत होता, आणि उड्या मारत होता. उड्या लहान होत्या, पण उड्याच.

पुढच्या रांगेतल्या पिशव्या एकेक करून मागे वळल्या.

"काका," ओटिस अगदी हळू आवाजात म्हणाला, "'पळ' कोण ओरडलं?"

"मी ओरडले," रीटामामी म्हणाली. "काय करशील?"

"ती नाही. मीच," मामा म्हणाला. तो अजून हसत होता. "मला दिसलं, ओटिस. सगळं नाही, पण तो दिसला. बारक्या पोराने केलं असतं तर धुरात गेलं असतं. तो इतका मोठा आणि इतका सावकाश... शेवटपर्यंत दिसला."

"धुरात म्हणजे?" मामीने विचारलं.

मग मी सांगितलं. सुया, डॉक्टर, पुढचा हंगाम. मामी त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मैदानात ज्यांना धक्का बसला, त्यांत मी पहिला नंबर मामीला देईन, सिओनेलाही मागे टाकून.

"म्हणजे ते चारशे हुक..." एवढंच ती म्हणाली. मग तिने आपल्या डोक्यावरची पिशवी काढली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मामाचा दंड घट्ट धरला. "मेल्या, मला सांगितलं असतंस तर मीही ओरडले असते."

ओटिस मटकन खाली बसला. त्याने पोटरीवरचा सात बोटाने पुसून बघितला. मग म्हणाला, "आपण हिशेबच चुकीचा केला."

"कसला?"

"काकांमुळे संघ हरतो, असं आपण धरून चाललो. तसं नव्हतंच. काका आले की आपल्याला जे हवं असतं ते होत नाही." त्याचा चेहरा पांढरा पडला. "इतकी वर्षं आपल्याला जिंकायचं होतं. आज पहिल्यांदा हरायचं होतं. अन् आपण त्यांना रीतसर कागद लिहून बोलावलं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, भाषा सुंदर होती हे तुम्हीच म्हणालात.

संध्याकाळी टीव्हीवर सिओनेची मुलाखत दाखवली. गळ्यात टॉवेल, डोळे ओले. "सहा वर्षांत माझ्यासाठी कधी कोणी उभं राहिलं नव्हतं," तो म्हणाला. "आज सगळं मैदान उभं होतं. शब्द कळत नव्हते, पण प्रेम कळत होतं." त्याला खरं सांगायचं नाही, असा आणखी एक ठराव मंडळाने केला. हाच एक ठराव मामाचं मत मोजून झाला.

सोमवारी बोलिंगच्या हॉलमध्ये बैठक भरली. सामना झालाच नाही, असं ठरलं. बेकरीवाली डोनट घेऊन आली होती, पण द्यायचा की नाही हे तिला कळेना. शेवटी तिने तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि मामाने कडेकडेने हात फिरवत तो शोधून काढला. कोणी मदत केली नाही, कोणी हटकलंही नाही. ओटिस म्हणाला, लेना, लीगला अर्ज लिही. पहिलं कलम मंडळाने सांगितलं. मग मामा हाताला लागलेला मुरंबा पुसत म्हणाला, "माझीही दोन घाल." लोक कुरकुरले. ओटिसने पोटरी खाजवली, मामाकडे पाहिलं आणि म्हणाला, "घाल."

अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला आहे. त्याची प्रत खाली देते.

प्रति,
मा. आयुक्त, फुटबॉल लीग

विषय: न झालेल्या सामन्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की,

१. टोलीडो विरुद्ध ओमाहा हा सामना ड्राफ्टच्या प्रयोजनार्थ खेळलाच गेला नाही असे समजून श्री. जमार हॉलोवे यांना टोलीडो येथे पाठविण्यात यावे. अध्यक्षांची पोटरी पुराव्यादाखल केव्हाही सादर करता येईल.

२. तथापि विभाग ११४, रांग २२, आसन क्रमांक ९ यापुरता सदर सामना खेळला गेला, व तो बारा-दहाने जिंकला गेला, ही नोंद कायम ठेवावी.

३. उक्त आसनधारकाच्या दृष्टीची सद्यःस्थिती लक्षात घेता, पुढील हंगामापासून टोलीडो संघाचे सर्व गुण किमान एकशे साठ किलो वजनाच्या खेळाडूंनीच, मैदानाच्या मध्यभागातून न जाता कडेकडेने, व अठ्ठावन्न यार्डांस पंधरा सेकंदांपेक्षा कमी वेळ न घेता मिळवावेत, अशा आशयाची दुरुस्ती खेळाच्या नियमांत तात्काळ करण्यात यावी, ही विनंती.